लाइट आल्यानंतरची दोन मिनिटं

विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीबाहेर दादानं एक लाल बल्ब लावून घेतला आहे. शेतीची लाइट आली की तो पेटतो आणि आमच्या पडवीतून दिसतो. चैत्रातल्या दुपारी तो पेटला की पुढची दोन मिनिटं वस्तीवर काहीच होत नाही. वीज आलेली असते, विहिरींना पाणी असतं, पिकं तहानलेली असतात, आणि तरी सगळं गप्प. मग ओढ्याकडच्या मळ्यात एक स्टार्टर खट्कन वाजतो आणि मोटर घुमू लागते. थोड्या वेळानं तिच्यापलीकडची. मग आमची. पाइपात आधी हवा खोकते, मग पाणी चालू होतं. असं करत करत सगळी वस्ती एकेक करून जागी होते.

नव्यानं आलेला पाहुणा ही रांग ऐकून खूश होतो. सगळं कसं शिस्तीत, असं म्हणतो. सुरुवातीची रिकामी दोन मिनिटं त्याच्या लक्षात येत नाहीत. आमच्या घरात मात्र त्या वेळात कोणी बोलत नाही. वहिनी हातातलं भांडं खाली ठेवते आणि पुन्हा उचलते. दादा बिडी शोधतो. माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा वैभव, घरी असला तर माळाकडे बघत बसतो.

यंदाही हा हंगाम आला. कांदा काढून झाला आहे, पातीचे ढीग बांधाला सुकताहेत, त्यांचा उग्र वास अंगणात भरून राहिला आहे. चार बायका लिंबाखाली बसून कांदा काटताहेत आणि बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत, भरायचा माल बाजूला निवडून ठेवताहेत. ओतूरच्या स्टँडवर परीक्षेला निघालेली पोरं गाडीची वाट बघत उभ्यानं वाचताना दिसतात. कांदा आणि परीक्षा आमच्याकडे एकाच वेळी येतात. काही वर्षांपूर्वी, ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षीही तसंच होतं.

वैभव तेव्हा आंबेगाव तालुक्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. हॉस्टेलवर राहायचा, शनिवारी घरी यायचा. मी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. त्या चैत्रात रजा घेऊन कांद्याच्या कामासाठी भावाकडे येऊन राहिले होते. वैभवच्या गटाचा प्रोजेक्ट म्हणजे एक राखाडी प्लॅस्टिकचा डबा होता. आत एक सिमकार्ड, एक छोटं सर्किट, बाहेर हिरवा दिवा. तो मोटरच्या स्टार्टरला जोडायचा. लाइट आली की डबा थोडा थांबे, वीज नीट आहे ना बघे, आणि मोटर आपोआप सुरू करी. मग मालकाच्या मोबाइलवर मेसेज येई. विहिरीतलं पाणी संपलं तर मोटर बंदही करी.

असे डबे बाजारात मिळत होते, पण महाग आणि वारंवार बिघडणारे. हा पोरांनी बनवलेला होता आणि बिघडला तर दुरुस्त करायला शनिवारी घरी येणारा माणूस होता. शेतीची लाइट कधी दिवसा असते, कधी अवेळी. उसात बिबट्या आहे हे सगळ्यांना माहीत आहे. बटण दाबायला बांधाबांधानं जाणाऱ्या माणसाची घरची बाई दारात उभी असते. वहिनीनं कितीतरी वर्षं असं उभं राहून काढलं आहे. वैभवनं डबा बनवला तो मुख्यतः तिच्यासाठी, हे तो बोलून दाखवत नसे.

पहिल्यांदा डबा चालला ती दुपार आठवते. दादा जेवत होता. मोबाइल वाजला, त्यानं डाव्या हातानं उचलला, मेसेज वाचला आणि घास तसाच ठेवून ओरडला, "आयला, लागली की मोटर! मी हितं भाकरी खातोय आन् तिकडं मोटर लागली!" तो तसाच, उष्ट्या हातानं विहिरीपर्यंत पळत गेला. मोटर खरंच चालू होती. जी फेरी वाचवण्यासाठी डबा बसवला होता, ती फेरी त्या दिवशी दादानं आनंदानं मारली.

आठवड्याभरात वस्तीवरची माणसं पडवीत येऊ लागली. "वैभव, आमाला बी एक बसव राव." "माझी मोटर जुनी हाय, चालंल का?" "पोराला सुट्टी कवा हाय, सांगा की भाऊ." वैभव खुशीत होता. सामानापुरते पैसे घेऊन त्यानं आणि त्याच्या मित्रांनी शनिवार-रविवार डबे जोडले. वस्तीवरच्या जवळजवळ प्रत्येक मोटरीवर हिरवा दिवा लुकलुकू लागला. माळावरच्या किसनतात्यांनी तेवढा डबा घेतला नाही.

"माझे पाय अजून चालत्यात," ते म्हणाले. "मोटर माझी, बटण माझं, बोट माझं."

किसनतात्या आमचे भावकीतले, फटकळ. लग्नात जेवण कसं झालं विचारलं तर खरं सांगणारे. बांधावरून, गुरांवरून, लाउडस्पीकरवरून त्यांचं प्रत्येकाशी एकदा तरी वाजलेलं. वस्तीच्या सगळ्यांत उंच भागात त्यांचं शेत. त्या वर्षी त्यांनी टोमॅटो लावला होता. बांबू रोवलेले, तारा ओढलेल्या, रोपं नुकती तारेला लागलेली. नारायणगावच्या बाजारात ऐन उन्हाळ्यात माल न्यायचा, असा बेत होता.

डबे सगळीकडे बसले आणि थोड्याच दिवसांत डीपी जळाला. डीपी म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर. सगळ्या विहिरींना त्याच्यावरूनच वीज मिळते. दुपारी लाइट आली, फाट् असा आवाज झाला, तेलाचा धूर दिसला. मेसेज कोणालाच आला नाही.

संध्याकाळी डीपीखाली माणसं जमली. तो आमच्याकडचा रिवाज आहे. डीपी जळाला की सगळे त्याच्या खाली येऊन उभे राहतात, वर बघतात, आणि नंतर एकमेकांकडे. नवा डीपी आणायचा तर आपलाच ट्रॅक्टर, आपलीच माणसं, आपलेच हेलपाटे. त्यात दिवस जातात आणि उन्हाळ्यात दिवस म्हणजे पीक. त्यामुळे पहिला प्रश्न असतो तो कोणामुळे जळाला हा.

"दिवाळीत तर नवा बसवला व्हता."

"लोड कोणाचा वाढला ते बघा आधी."

"बघायचं काय त्यात? माळावर साडेसात एचपीची मोटर हाय. मंजूर किती, पाचची."

सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्या हातातली काठी बगलेत धरून उभे होते.

"हाय साडेसातची," ते म्हणाले. "मग? तीन वर्सं हाय. तवा न्हाई जळाला ह्यो डीपी."

कोणीतरी हसलं. दादानं वैभवकडे पाहिलं. वस्तीतला इंजिनिअर तोच होता. वैभव पुढे आला आणि आदरानंच बोलला. "तात्या, एकदम जळत नाही तो. लोड जास्त असला की दरवेळी थोडं थोडं खराब होत जातं. आतलं तेल, आतलं वायंडिंग. मग एक दिवस जातो."

तो खोटं बोलत नव्हता. तसं होतंच. पुस्तकात ते आहे, परीक्षेत तो प्रश्न येतो. माणसांना उत्तर पटलं, कारण ते बरोबर होतं आणि ज्या माणसावर जाऊन बसत होतं तो माणूसही सोयीचा होता.

"तू शिकलास," तात्या म्हणाले. "तू सांगशील ते खरं."

ठरलं असं की, नवा डीपी आला की तात्यांनी मोठी मोटर जोडायची नाही. पाचची आणायची, तोवर बंद ठेवायची. तात्यांनी फार वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन आपले फ्यूज काढले आणि कोपरीच्या खिशात घातले. "काढलं," दादाला रस्त्यात दाखवत ते म्हणाले. "आता घाला म्हणायला कोणी यायचं न्हाई."

तात्यांनी मोठी मोटर का घातली, हे त्या संध्याकाळी कोणी विचारलं नाही. त्यांची विहीर ओढ्याच्या काठी खाली आणि शेत माळावर. एवढ्या उंचीवर, एवढ्या लांब पाइपातून पाणी चढवायला पाचची मोटर पुरत नाही. उंची, पाइपाची लांबी, मोटरची ताकद, हे गणित वैभवनं कॉलेजच्या पेपरात सोडवलं होतं. त्यात त्याला चांगले मार्क होते.

बातमीत एखाद्यावर आरोप असला की त्याचं म्हणणं घ्यावं लागतं. डेस्कवर आम्ही ते तपासतो: दुसरी बाजू आहे का? असली की बातमी छापायला सोडतो. त्या संध्याकाळी दुसरी बाजू होती. सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात, एका वाक्यात सांगितलेली. तीन वर्षं ही मोटर आहे आणि तीन वर्षं हा त्रास नाही. त्या एका वाक्यात सगळं होतं. तीन वर्षांत जे बदललं नाही ते सोडून, नुकतंच काय बदललं ते बघा, एवढंच ते वाक्य सांगत होतं. नुकतं बदललेलं जे होतं त्याचा हिरवा दिवा प्रत्येक विहिरीवर लुकलुकत होता.

नवा डीपी आला. तात्यांची मोटर बंद राहिली. आठवडाभर काही झालं नाही. वस्तीला निकाल मिळाला. दादा म्हणाला, "बघ, पोरगं बोललं ते खरं झालं." पुढे कळलं की त्या आठवड्यात ओढ्याकडच्या दोघांनी कांदा काढणीसाठी पाणी तोडलं होतं, त्यांच्या मोटरी बंदच होत्या. ते तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. पण ज्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असतं, त्याच्याबद्दल नवी माहिती कोणी गोळा करत नाही. समोर पडलेली असली तरी उचलत नाही.

त्या आठवड्यातली एक गोष्ट मात्र उचलावी लागली. रविवारी वैभवच्या गटातली शाहीन आली. शाहीन जुन्नरची, तिच्या वडिलांचं तिथे मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. लहानपणापासून तांब्याच्या तारेच्या वासात वाढलेली मुलगी, बोलायला तुटक. गटातला तिसरा ओंकार, तो घोड नदीकाठच्या एका वस्तीवरचा. त्यानं शाहीनचं नाव विरोधी पक्ष ठेवलं होतं. कारण काही ठरलं, की ती विचारायची, "आपण चुकत असू तर काय दिसेल?" पहिल्या वर्षाला कोणत्या तरी सरांनी वर्गात हा प्रश्न टाकला होता. बाकीच्यांनी तो वहीत उतरवला, शाहीनला त्याची सवय लागली. सवय म्हणून तो फार त्रासदायक आहे. कँटीनमध्ये कोणता वडापाव चांगला यावरही ती तो विचारी, असं ओंकार सांगायचा.

पडवीत चहा झाला. वहिनी तिला पुन्हा पुन्हा खायला घालत होती. शाहीननं बशी बाजूला सारली आणि म्हणाली, "ओंकारकडचा डीपी पण गेला. काल."

वैभव म्हणाला, "माहितीये. फोन आला होता त्याचा."

"तिथे पण आपलेच डबे."

"हो, पण तिथे काय लोड असेल ते आपल्याला कुठं माहितीये? तिकडे पण एखादा तात्या असेलच."

शाहीन म्हणाली, "प्रत्येक वस्तीत एक तात्या असतोच रे. त्यानं काय सिद्ध होतं?"

"म्हणजे आपला डबा चुकीचा आहे, असं तुझं म्हणणं?"

"माझं म्हणणं काहीच नाही. मी विचारतेय. आपला डबा चुकत असेल तर काय दिसेल? जिथे जिथे डबे बसले तिथे तिथे डीपी जाईल. दोन ठिकाणी बसले. दोन्ही ठिकाणी गेला."

"दोन म्हणजे काय पुरावा झाला का? सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे, शाहीन. आत्ता हे काढू नकोस."

जाताना वहिनीनं तिला कांदे बांधून दिले. ओतूरच्या स्टँडपर्यंत मी आणि वैभव तिला सोडायला गेलो. रस्ता तात्यांच्या शेताखालून जातो. टोमॅटोची पानं खाली लोंबत होती. दुपारच्या उन्हात ती तशी लोंबतातच, संध्याकाळी उठतात. तेव्हा संध्याकाळ होती. शाहीननं मान वळवून पाहिलं आणि विचारलं, "हेच का?" वैभव हो म्हणाला आणि त्यानं गाडीचा वेग वाढवला.

त्या रविवारी शंका त्याच्या मनात होतीच. पुढे त्यानंच मला हे सांगितलं. शाहीन बोलायच्या आधीच, ओंकारचा फोन आला तेव्हाच ती बळावली होती. त्यानं ती एका बाजूला ठेवून दिली, सबमिशन झालं की बघू म्हणून. तो आळशी नव्हता, खोटारडा नव्हता. त्यानं बनवलेली पहिली वस्तू चालली होती. बाप उष्ट्या हातानं पळत गेला होता. आईला दारात उभं राहावं लागत नव्हतं. या सगळ्यावर स्वतःच्या हातानं प्रश्नचिन्ह ठेवायचं म्हणजे काय, ते बाहेरून सांगणं सोपं आहे. मन मोकळं ठेवावं, असं आपण पोरांना सांगतो तेव्हा त्याला काय लागतं हे सांगत नाही. दुसऱ्याचं मत ऐकून घेणं त्यात सगळ्यांत सोपं. आपल्या आवडीच्या उत्तराकडे संशयानं बघणं, तेही ते उत्तर आपल्याला शाबासकी मिळवून देत असताना, हे अवघड.

शंका बळावली त्या दिवशी टोमॅटो वाचला असता. तात्यांना जाऊन फ्यूज घाला म्हटलं असतं आणि दोन-चार डबे काढून ठेवले असते, तर पाणी चढलं असतं. वैभव बोलला त्या दिवशी वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याच्या वाट्याचा गुन्हा या दोन दिवसांच्या मधल्या काळात आहे. पहिल्या चुकीबद्दल तो फारसं बोलत नाही. चूक कोणाचीही होते. मधल्या काळाबद्दल बोलताना त्याचा आवाज अजून बदलतो.

मग ओढ्याकडच्यांनी पुन्हा पाणी सुरू केलं, आणि त्याच दुपारी नवा डीपीही गेला. तात्यांची मोटर तेव्हा बंद होती. त्यांचे फ्यूज त्यांच्या खिशात होते. डीपीखाली पुन्हा माणसं जमली आणि या वेळी एकमेकांकडे बघताना त्यांची नजर कुठे थांबेना. माळावर तात्या आपल्या बांधावर उभे होते. खाली आले नाहीत.

वैभव सबमिशन सोडून आला. सोबत शाहीनला घेऊन आला. तिनं वडिलांच्या दुकानातलं, तारेभोवती पकडून करंट मोजायचं यंत्र आणलं होतं. आमच्याकडे वीज नव्हती, म्हणून ते दोघं ओंकारच्या वस्तीवर गेले. तिथे नवा डीपी बसला होता. मीही गेले. लोकांना समजावून त्यांनी निम्मे डबे बंद ठेवले, की पुन्हा काही जळू नये. दुपारी लाइट आली. सगळे डीपीपासून लांब, पण ऐकू येईल एवढ्या अंतरावर उभे होतो.

थोडा वेळ काहीच नाही. मग खट्. एकच आवाज. चारी बाजूंच्या विहिरींवरून, एकाच क्षणी, एकच खट्.

शाहीननं यंत्रावरचा आकडा वैभवला दाखवला. त्यानं तो पाहिला की नाही, सांगता येणार नाही. त्याला आवाजानंच कळलं होतं. लाइट आल्यावर थोडं थांबून मोटर सुरू करायची, असं त्यांनी डब्याला सांगितलं होतं. सगळ्या डब्यांत एकच प्रोग्रॅम भरला होता, म्हणून सगळे डबे सारखेच थांबत आणि एकाच क्षणी सुरू होत. सुरू होताना प्रत्येक मोटर पहिल्या क्षणी नेहमीपेक्षा कितीतरी पट वीज ओढते. एका मोटरीचं ओझं डीपी सहज झेलतो. सगळ्यांचं एकदम नाही.

पूर्वी असं का होत नव्हतं, याचं उत्तर त्या उन्हात उभ्या उभ्या सापडलं. पूर्वी लाइट आली, की कोणी जेवत असे, कोणी म्हैस धूत असे, कोणाची चप्पल सापडत नसे. कोणी वाटेत दुसऱ्याशी बोलत थांबे. प्रत्येकाची मोटर आपापल्या उशिरानं सुरू होई. तो उशीर म्हणजे वेळेची नासाडी, असं सगळे धरून चालले होते; पोरांनी तो काढून टाकला. डीपी इतकी वर्षं त्या उशिरावरच टिकून होता.

परत येताना गाडीत वैभव एवढंच म्हणाला, "आत्या, आम्ही माणसं काढली आणि त्यांच्या जागी काहीच ठेवलं नाही."

दुरुस्ती सोपी होती. प्रत्येक डब्याला वेगळी वेळ द्यायची. ही कल्पना वैभवला आमच्याच विहिरीवरून सुचली. ती आमची आणि दोन चुलत भावांची सामाईक; लहानपणी त्यानं पाण्याच्या पाळीवरून रोज भांडणं ऐकलेली. आज कोणाची पाळी, उद्या कोणाची. डब्यांनाही पाळी लावायची, बस. एका रात्रीत त्यांनी नवा प्रोग्रॅम लिहिला.

दादा म्हणाला, "मग लिहिलास ना? डबे बदलून टाक गुपचूप. झालं ते झालं. लोकांना सांगायचं कशाला?"

वैभव म्हणाला, "तात्यांचं काय?"

"तात्याचं नंतर बघू. आता सांगितलंस तर लोकं तुझे डबे ओढ्यात टाकतील. परीक्षा होईस्तोवर तरी गप ऱ्हा." दादा वाईट माणूस नाही. मुलगा वस्तीसमोर खाली मान घालून उभा राहणार, एवढंच त्याला दिसत होतं. "आन् तात्याची मोटर व्हतीच की मोठी. ते काय खोटं व्हतं?"

खोटं नव्हतंच. म्हणूनच तर ते वापरता आलं.

नवा डीपी ट्रॅक्टरमधून उतरवायला सगळी वस्ती आली होती, तेव्हा वैभव बोलला. भाषण केलं नाही. डीपी दोन्ही वेळा आमच्या डब्यांमुळे गेला, तात्यांच्या मोटरीमुळे नाही. मी तात्यांवर घातलं ते चुकीचं होतं, असं म्हणाला. मग कारण सांगितलं. माणसं ऐकत होती. शिव्या कोणी घातल्या नाहीत. दादाला वाटत होती तशी मान खाली गेली खरी, पण एकट्या वैभवची नाही. कारण त्या संध्याकाळी हसलेला माणूस तिथे होता. साडेसातची मोटर आठवण करून देणारा होता. आम्ही बाकीचेही होतोच; तात्यांचं पाणी बंद होतं त्या आठवड्यात आमच्या कांद्याला शेवटचं पाणी मिळालं होतं.

"मग आता तात्याला कोणी सांगायचं?" कोणीतरी विचारलं.

वैभव मला म्हणाला, "चल."

तात्या प्लॉटमधले बांबू उपटत होते. वाळलेली रोपं तारेला तशीच लटकत होती. हात लागला की चुरा होत होता. आम्हाला बघून ते थांबले नाहीत.

"आत्याला कशाला आणलंस? साक्षीला?"

वैभवनं सगळं सांगितलं. तो बोलत असतानाच तात्यांनी एक बांबू उपटून बाजूला टाकला आणि पुढच्याला हात घातला. सांगून झाल्यावर ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"डबा जाळतो का मोटर जाळती, मला काय कळायचं? मी अडाणी माणूस. पर त्या दिशी मी एक गोष्ट सांगितली व्हती. तीन वर्सं. तेवढी तरी ऐकायची व्हती."

"ऐकली होती तात्या."

"ऐकली व्हती?"

"हो. तेव्हाच मनात आलं होतं. म्हणून तर घाईघाईनं उत्तर दिलं."

तात्या पुन्हा बांबूंकडे वळले. मग म्हणाले, "मग ते लईच वाईट."

एवढंच. पाणी हवं का विचारलं, आम्ही नको म्हणालो, परत आलो.

परीक्षा झाली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, प्रोजेक्टमध्ये अडचणी काय आल्या? शाहीननं सगळं सांगितलं: पहिला डीपी, चुकीचं कारण, ओंकारची वस्ती, एकच आवाज, नवा प्रोग्रॅम. सर खूश झाले. आपलीच चूक शोधून काढणारी मुलं कमी भेटतात, असं म्हणाले. इंजिनिअरनं असाच विचार करायला हवा, असंही म्हणाले. गटाला सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. वैभवनं घरी फोन करून मार्क सांगितले, तेव्हा दादानं पेढे आणायला माणूस पाठवला. वैभव म्हणाला, "पेढे नका वाटू." दादाला कारण कळलं नाही. किंवा कळलं असेल. पेढे घरातच राहिले आणि मुंग्या लागेपर्यंत कोणी डब्याला हात लावला नाही.

सर चुकीचं काही बोलले नव्हते. तसा विचार करायलाच हवा. फक्त त्या विचाराचा खर्च माळावर झाला होता आणि मार्क कॉलेजात पडले.

ही गोष्ट होऊन काही वर्षं झाली. तात्यांनी पुढच्या हंगामात मोठ्या मोटरीची रीतसर मंजुरी काढली. अर्जावर सही करायला वैभव शहरातून मुद्दाम आला होता. सहीची गरज नव्हती, तो आला. शाहीन आता एका कारखान्यात आहे आणि तिथेही तिला विरोधी पक्षच म्हणतात, असं ओंकार सांगतो. वैभव चाकणला नोकरी करतो. डबे अजून चालतात, सगळे पाळीनं.

पाळी लावताना वैभवनं पहिली जागा तात्यांना ठेवली. लाइट आल्यावर पहिली मोटर त्यांची, त्यांच्यानंतर बाकी वस्ती. एक डबाही घेऊन गेला होता. तात्यांनी तो हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. "माझे पाय अजून चालत्यात," म्हणाले. वैभवनं डबा परत आणला, पण पाळी बदलली नाही. ती जागा तशीच आहे. लाइट आल्यानंतरची पहिली दोन मिनिटं तात्यांची. त्यांना हे माहीत आहे. त्या वेळात ते कधीच मोटर लावत नाहीत.

काल दुपारी वैभव घरी होता. वहिनीनं ताट वाढलं तेवढ्यात लाल बल्ब पेटला. तो पाटावर बसता बसता उठला आणि पडवीच्या खांबाला टेकून उभा राहिला. दोन मिनिटं गेली. ओढ्याकडची मोटर लागली, तिच्या मागची लागली, आमची लागली, पाण्यानं पाइप भरले. सगळी रांग संपली. माळावर काही हालचाल नव्हती.

दादा म्हणाला, "जेव की. लावतील ते त्येंच्या टायमाला."

"जेवतो," वैभव म्हणाला आणि तिथेच उभा राहिला.

वहिनीनं ताटावर ताट झाकलं. बऱ्याच वेळानं माळावरच्या पायवाटेनं काठी टेकत कोणीतरी विहिरीकडे उतरताना दिसलं. तात्या आता पूर्वीपेक्षा हळू चालतात. वाटेत दोनदा थांबले. मग इतर सगळ्या मोटरींपेक्षा जड असा एक आवाज ओढ्याच्या काठावरून उठला, आणि वैभव आत येऊन पाटावर बसला.